दांडग्या मोटारसायकलचे ॲव्हरेज आणि आपले इथेनॉल
— ऊस विकास अधिकारी



लागणीचा हंगाम, बेणेप्रक्रिया, पाचट व्यवस्थापन हे विषय सोडून ऊस विकास विभागाने मोटारसायकलवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अलीकडे शिवारफेरीला कोणत्याही गटात गेलो, की उसाच्या जातींनंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, तुमचं ते इथेनॉल पेट्रोलमध्ये आल्यापासनं गाडीचं ॲव्हरेज पडलंय बघा!" विचारणारा बहुधा सभासदाचा मुलगा असतो. दारात दोनशे, साडेतीनशे नाहीतर चारशे सीसीची गाडी उभी असते. वडील शेजारी गप्प बसलेले असतात. गाडीचा हप्ता आणि पेट्रोल उसाच्या बिलातूनच जाते, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

आम्ही अशा वेळी एवढेच म्हणतो, की बाबा रे, ते इथेनॉल 'तुमचं' नव्हे, आपलं आहे. तुझ्या बापाच्या उसाच्या मळीतून ते निघाले आहे. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ॲव्हरेज खरोखर पडले असेल तर ते किती पडले, कशाने पडले आणि परत कसे मिळवायचे, याचे सरळ उत्तर सभासदाला मिळाले पाहिजे. म्हणून हा लेख. उदाहरणाला आम्ही रत्नागिरीची वाट घेतली आहे. गणपतीपुळ्याला, पावसला, पाहुण्यांकडे किंवा आंब्याच्या दिवसांत पेटी आणायला आपल्या भागातून आंबा घाट उतरला नाही, असे घर विरळाच.

आधी मोजणी नीट करा

'ॲव्हरेज पडले' असे म्हणणाऱ्या दहाजणांना आम्ही विचारतो, मोजले कसे? उत्तर येते, "दोनशेचं टाकलं, दोन दिवसांत संपलं." याला मोजणी म्हणत नाहीत. एकरी उतारा आपण बांधावरून अंदाजाने सांगत नाही, काट्याची पावती बघतो. गाडीचेही तसेच आहे.

पद्धत सोपी आहे. टाकी फुल करावी आणि मीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीप्रमाणे गाडी वापरावी. पुन्हा त्याच पंपावर, गाडी त्याच प्रकारे उभी करून, तेवढीच फुल करावी. चाललेले किलोमीटर भागिले टाकलेले लिटर, हे ॲव्हरेज. एका खेपेवर विसंबू नये. लागोपाठ चार-पाच टाक्यांची सरासरी काढावी. गाडीच्या काचेवर दिसणारा आकडा चांगली-वाईट सवय कळायला उपयोगी आहे, पण हिशेबाला वहीच खरी.

घाटाचा हिशेब

रत्नागिरीच्या वाटेवर एक फसगत हमखास होते. कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किलोमीटर. मलकापूर, आंबा, मग घाट उतरून साखरपा, दाभोळे, नाणीज, पाली, हातखंबा आणि रत्नागिरी. घाटमाथा समुद्रसपाटीपासून ढोबळमानाने ६०० मीटर उंच आणि रत्नागिरी समुद्रकाठी. म्हणजे जाताना गाडी एकंदरीत उतरते आणि येताना चढते.

गाडी आणि दोन माणसे मिळून ३०० किलो वजन धरा. एवढे वजन ६०० मीटर वर चढवायला रस्त्याच्या नेहमीच्या खर्चाशिवाय पाव लिटरच्या आसपास पेट्रोल जास्त लागते. समजा सपाटीला गाडी लिटरला ३५ किलोमीटर देते. तीच गाडी, तेच पेट्रोल, तोच चालविणारा, पण जाताना ३७ दिसेल आणि येताना ३३. पोरगा रत्नागिरीहून परत येतो आणि सांगतो, "कोकणातलं पेट्रोल भेसळीचं होतं." ती भेसळ नव्हे, तो घाट आहे. म्हणून जाऊन-येऊन दोन्ही मिळूनच ॲव्हरेज काढावे.

इथेनॉलचा वाटा किती?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एक लिटर इथेनॉलमधील उष्णता ही एक लिटर पेट्रोलमधील उष्णतेच्या दोन-तृतीयांश असते. म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल मिसळले, तर लिटरमागची एकूण उष्णता सहा-सात टक्क्यांनी कमी होते. हे झाले कागदावरचे गणित. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त असल्याने त्याला अनुरूप बनविलेले इंजिन यातला काही भाग भरून काढते. नीती आयोगाने २०२१ साली इथेनॉल मिश्रणाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात निव्वळ पेट्रोलसाठी बनवून १० टक्के मिश्रणाला जुळविलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिलेला आहे.

म्हणजे लिटरला ४० देणारी गाडी ३८ ते ३९ वर येईल. सगळी उष्णतेची घट जशीच्या तशी धरली तरी सदतीसच्या खाली जाण्याचे कारण नाही. तुमची गाडी चाळीसवरून तीसवर आली असेल, तर घट पंचवीस टक्क्यांची आहे. त्यातले दोन-तीन किलोमीटर इथेनॉलच्या नावे टाका. बाकीचे सात-आठ कुठे गेले, हे शोधायला हवे. रिकव्हरी साडेबारावरून अकरावर आली, तर आपण एकट्या पावसाला दोष देऊन गप्प बसतो का? तोडणीला उशीर झाला का, ऊस शिळा झाला का, पाचट-वाढे किती आले, हे सगळे बघतो. तेच इथे करायचे.

आणि जे दोन-तीन किलोमीटर गेले, त्याच्या बदल्यात काय मिळाले तेही बघावे. इथेनॉल मिश्रणाचा कार्यक्रम २००३ साली पाच टक्क्यांनी सुरू झाला. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा आला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. सी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलला २०२४-२५ च्या वर्षासाठी लिटरला ५७ रुपये ९७ पैसे दर ठरला. साखर गोदामात पडून असते आणि तिच्यावर व्याज चढत राहते. इथेनॉलचे पैसे त्या मानाने लवकर हातात येतात आणि ऊसबिल वेळेवर निघायला मदत होते. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, तेव्हा किती कारखान्यांचे हिशेब विस्कटले हे आपल्याला ठाऊक आहे.

एक टन उसाचा सगळा रस इथेनॉलकडे वळविला, तर सुमारे ७० लिटर इथेनॉल होते. वीस टक्क्यांनी मिसळले तर ते ३५० लिटर इंधनाला पुरते. लिटरला ४० किलोमीटरने १४,००० किलोमीटरची मजल झाली. साखर काढून उरलेल्या सी-हेवी मळीतूनही टनामागे दहा-अकरा लिटर मिळते, तेही पन्नासेक लिटर इंधनाला पुरते. रत्नागिरी हा आंबा, काजू, भाताचा मुलूख. तिथे ऊस नावापुरता. पण तिथल्या पंपावरच्या लिटरमध्येसुद्धा पाचवा हिस्सा इथेनॉलचा आहे आणि ते ऊस, मका, तांदूळ पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या शिवारातून आलेले आहे.

दांडगी गाडी पेट्रोल का पिते?

ज्येष्ठ सभासदांना राजदूत ३५० आठवत असेल. यामाहाच्या आरडी ३५० ची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून काढली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी. मूळ जपानी गाडी ३९ अश्वशक्तीची. आपल्याकडे पेट्रोलची महागाई लक्षात घेऊन तिची शक्ती मुद्दाम कमी केली गेली. एक प्रकार साडेतीस अश्वशक्तीचा, दुसरा सत्तावीसच्या आसपास. तरीही ती पेट्रोलला भारी ती भारीच राहिली. टू-स्ट्रोक इंजिनात ताजे मिश्रण आत येते तेव्हा धुराची वाटही उघडी असते, त्यामुळे काही पेट्रोल न जळताच बाहेर पडते. शक्ती छाटून ॲव्हरेज फारसे मिळत नाही, हा त्या गाडीने दिलेला धडा.

दुसरी वाट आपल्या महाराष्ट्रातूनच निघाली. पुण्याच्या बजाज कंपनीने २००१ साली पल्सर आणली आणि २००३ साली तिला एका सिलिंडरवर दोन स्पार्क प्लग दिले. पाचट पेटवू नका, असे आम्ही जन्मभर सांगत आलो, पण समजायला दाखला तोच बरा. फड एका कोपऱ्याने पेटला तर पसरायला वेळ लागतो, दोन कोपऱ्यांनी पेटला तर लवकर उरकतो. दोन प्लगमुळे मिश्रण लवकर आणि पुरते जळते, शक्तीही मिळते आणि पेट्रोलही वाचते. पुढे इंधन इंजेक्शन आले. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांनंतर मोठ्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. थोडक्यात, आजची दांडगी गाडी ही राजदूत ३५० सारखी उधळी नाही. नीट चालविली तर ती बऱ्यापैकी ॲव्हरेज देते. पण तिच्यात ताकद जास्त असल्यामुळे चुकीच्या मुठीची शिक्षाही ती जास्त देते.

वाऱ्याशी कुस्ती नको

गाडीचा वेग वाढला की वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० चे ९० केले, म्हणजे वेग दीडपट झाला, तर रेटा सव्वादोनपट होतो. पेट्रोल नेमके इथे जाते. अमेरिकेत क्रेग व्हेटर नावाच्या कल्पक माणसाने १९८० नंतरच्या काळात मोटारसायकलींच्या इंधन बचतीच्या स्पर्धा भरविल्या. गाडीला माशासारखे निमुळते आवरण घालून १९८५ च्या स्पर्धेत लिटरला जवळजवळ २०० किलोमीटरची मजल गाठली गेली. असे आवरण आपण घालणार नाही. परंतु वारा किती पेट्रोल खातो, हे त्यावरून कळते.

रत्नागिरीच्या वाटेवर सरळ, मोकळा रस्ता सगळा मिळून ४० किलोमीटर धरा. ताशी ६० ने तिथे ४० मिनिटे लागतात, ९० ने २७. वाचली किती, तर १३ मिनिटे. तेवढी साखरप्यात चहाला जातात. मग सव्वादोनपट वारा अंगावर कशाला घ्यायचा? रुंद पेट्या, बाजूला लोंबणाऱ्या पिशव्या, फडफडणारे जाकीट आणि वैरणीचा आडवा भारा यांनीही वारा अडतो. सामान आटोपशीर, चालविणाऱ्याच्या पाठीमागे बांधावे.

मूठ आणि गियर

ॲव्हरेजची खरी किल्ली उजव्या मुठीत आहे. मूठ पिळून पळायचे आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबायचा, म्हणजे विकत घेतलेले पेट्रोल ब्रेकच्या चकतीत जाळायचे. पुढे ट्रॉली दिसली, वळण दिसले, गाव आले, की मूठ आधीच सोडावी आणि गाडी आपोआप हळू होऊ द्यावी. मूठ सावकाश, एकसारखी द्यावी. वरचा गियर वेळेत टाकावा, पण इंजिन घरघरू लागेल किंवा चेन हिसके देऊ लागेल इतक्या लवकर नको. लहान गाडी कमी वेगातही वरचा गियर ओढते. दांडग्या गाडीचे इंजिन जास्त फेऱ्यांवर खुलते, तिला फार दाबून चालविले तर पेट्रोलही वाचत नाही आणि इंजिनही कुथते. चढावर गियर एक उतरवून हलक्या मुठीने चढावे.

काट्यावर ओळीत उभे असताना, पतसंस्थेच्या दारात, गप्पा मारताना गाडी चालू ठेवू नये. आणि दोन किलोमीटरवरच्या रानात पाणी द्यायला चारशे सीसीची गाडी काढू नये. इंजिन तापायच्या आत बंद होते आणि थंड इंजिन सर्वांत जास्त पेट्रोल खाते. रानाला सायकल किंवा घरातली जुनी लहान गाडी बरी.

घाट न्यूट्रलवर उतरू नका

हा भाग प्रत्येक सभासदाने घरातल्या मुलांना वाचून दाखवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे. पेट्रोल वाचावे म्हणून आंबा घाटात गाडी न्यूट्रलवर टाकून, काही वेळा चावीच बंद करून उतरणारे पुष्कळ आहेत. कार्बोरेटरच्या जमान्यात त्याने चार थेंब वाचत असतील. आज तेही वाचत नाहीत. इंजेक्शनच्या गाडीत गियर टाकलेला असताना मूठ पूर्ण सोडली, की इंजिनाच्या फेऱ्या पुरेशा असेपर्यंत पेट्रोलचा पुरवठा आपोआप थांबतो. चाकच इंजिन फिरवीत राहते. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल सोडावेच लागते. म्हणजे न्यूट्रलवर उतरणारा पेट्रोल जास्त जाळतो.

जिवाचा धोका वेगळाच. गियरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे धरून ठेवते. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर धरत नाहीत. चावी बंद केली तर दिवे जातात आणि एबीएसही जाते. चुकून चावी पुढे फिरली तर हँडल लॉक होण्याचीही भीती. त्यात पावसाळ्यात धुके, दरडीची माती, समोरून चढणारे ट्रक. घाट ज्या गियरने चढतो, साधारण त्याच गियरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. पेट्रोलही त्यातच वाचते.

देखभाल : खर्च थोडा, फरक मोठा

टायरची हवा आठवड्याला एकदा, टायर थंड असताना तपासावी. किती असावी हे गाडीच्या पुस्तिकेत असते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरला जास्त लागते. हवा कमी असलेला टायर म्हणजे ओल्या रानातली बैलगाडी.

चेन दर पाचशे किलोमीटरला साफ करून वंगण द्यावे आणि ढील पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. चाक उचलून हाताने फिरवून बघावे. अडखळत असेल तर ब्रेक चिकटतोय.

एअर फिल्टरकडे आपले सर्वांत जास्त दुर्लक्ष. आपल्याकडे वाहतुकीच्या रस्त्याची धूळ आणि कारखान्याजवळ बगॅसचा भुसा, घाटाखाली जांभ्याची लाल धूळ. फिल्टर गुदमरला की इंजिन गुदमरते. पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच तो उघडून बघावा. प्लग आणि तेल ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या प्रतीचेच घालावे.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवू नये. कंपनीने इंधनाचे प्रमाण मूळ सायलेन्सरला जुळविलेले असते, ते बिघडते. वर पोलिसांचा दंड आणि गावाचे शिव्याशाप. ॲव्हरेज वाढविणाऱ्या गोळ्या, चुंबके यांवर एक पैसाही घालवू नये.

जुनी गाडी आणि पावसाळा

एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग वीस टक्के मिश्रणाला टिकतील असे करावे लागतात. त्याआधीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वायसर, गॅस्केट दर सर्व्हिसिंगला तपासून घ्यावेत. फुगलेली किंवा चिरलेली नळी लगेच बदलावी. कार्बोरेटरची गाडी मिश्रणाशी आपोआप जुळवून घेत नाही. ती जाणत्या मेकॅनिककडून जुळवून घ्यावी, पण ॲव्हरेजसाठी पेट्रोल फार मारायला सांगू नये. इंजिन तापते आणि पिस्टन धरतो.

इथेनॉल पाणी ओढून घेते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावरही हवा तशीच दमट. अर्धी टाकी भरलेली गाडी चार महिने पडवीत उभी करू नये. पाणी मर्यादेबाहेर गेले, तर ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. मग गाडी चालू होत नाही आणि दोष पंपवाल्याला जातो. टाकीचे झाकण घट्ट असावे, गाडी आठवड्याला फिरवावी आणि फार दिवस ठेवायची झाल्यास पुस्तिकेप्रमाणे टाकीची व्यवस्था करावी.

घरचा हिशेब

महिन्याला हजार किलोमीटर चालणारी गाडी लिटरला ३० देत असेल, तर ३३ लिटर लागतात. ३८ देऊ लागली तर २६. महिन्याला सात लिटर आणि वर्षाला ८४ लिटर वाचले. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाचे ८,४०० रुपये. डीएपीची बॅग १,३५० ला धरली तर सहा बॅगा झाल्या. ऊसबिलात टनाला पन्नास रुपये वाढावेत म्हणून आपण सभा घेतो, भांडतो आणि ते रास्तच आहे. पण हे ८,४०० रुपये मिळवायला कुणाशी भांडावे लागत नाही.

तेव्हा तरुण मंडळींनी एक छोटी वही करावी. तारीख, मीटर, लिटर, पैसे असे चार रकाने पुरेत. टायरची हवा, चेन, फिल्टर नीट करून, मूठ आवरून पाच टाक्या मोजाव्यात. त्यानंतरही ॲव्हरेज फार पडलेले दिसले, तर ती वही घेऊन गट कार्यालयात यावे. आकडे समोर असले की बोलणे सोपे जाते. आणि गाळप हंगामात रात्री गाडी चालविताना पुढे उसाची ट्रॉली असू शकते, हे ध्यानात ठेवून वेग आवरावा. ट्रॉलीमालकांनीही मागे लाल रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ट्रॉली रस्त्यावर आणू नये.